होडींतील रेडिओ कां खरखरतो?

मोटारींत सुस्पष्ट वाजणारा स्टीरिओ होडींत बसविला कीं खरखरूं लागतो, ही तक्रार होडी बाळगणाऱ्यांच्या तोंडीं नेहमींची आहे. मग दोष यंत्राच्या माथीं मारून अधिक किंमतीचें यंत्र आणलें जातें आणि खरखर तशीच राहते. आमच्या मतें यंत्र बहुधा निर्दोषच असतें. उणीव असते ती मोटारीच्या पत्र्याची.

मोटारीचें एरियल म्हणजे केवळ ती उभी सळई नव्हे. तिच्या पायथ्याचा सबंध पत्रा हें तिचें दुसरें अर्ध होय. 100 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एफ्.एम्. लहरीची लांबी सुमारें 3 मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे 75 सेंटिमीटरची सळई पत्र्यावर उत्तम काम देते. लांकूड किंवा फायबर यांतून वीज वाहत नाहीं. म्हणून तेथें ती सळई निम्मीच उरते. उपाय सोपा आहे. 75 सेंटिमीटरच्या दोन सळया एकीखालीं एक अशा उभ्या बसवाव्या, आणि केबलची आंतली तार एकीला व वरची जाळी दुसरीला जोडावी. एरियल उभें असल्यानें होडी कोणत्याही दिशेला वळली तरी ग्रहणांत फारसा फरक पडत नाहीं.

एरियल उंच असावें, हें खरेंच. पण उंचीलाही मर्यादा आहे. एफ्.एम्. लहरी बव्हंशीं सरळ रेषेंत जातात. प्रक्षेपणाचा मनोरा 100 मीटर उंच असेल, तर आपलें एरियल 4 मीटरवरून 9 मीटरवर नेल्यानें पल्ला साधारण 49 किलोमीटरवरून 54 पर्यंतच सरकतो. याउलट मध्यम लहरी खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दूरवर जातात. म्हणून किनारा दृष्टिआड झाल्यावर त्यांचाच आधार घ्यावा. मात्र त्यांसाठीं वरील जोडसळई उपयोगाची नाहीं, लांब तार हवी.

खरखरीचें दुसरें उगमस्थान होडींतच असतें. इंजिन बंद करून ऐकावें. नंतर एलईडी दिवे, पाणी उपसण्याचा पंप आणि बॅटरीचा चार्जर एकेक करून चालू करावे. अपराधी आपोआप सांपडतो. रेडिओच्या विजेच्या तारा थेट बॅटरीपासून घ्याव्या, एरियलची केबल त्यांपासून दूर ठेवावी आणि खाऱ्या हवेनें गंजूं नयेत म्हणून सारे सांधे नीट बंद करावे.

दोन गोष्टींविषयीं मात्र आम्ही वाचकांस आग्रहानें सांगतों. होडीच्या व्ही.एच्.एफ्. संचाच्या एरियलला रेडिओ परस्पर जोडूं नये. त्या संचाच्या 25 वॅटच्या प्रक्षेपणानें रेडिओ बिघडेल, आणि संकटकाळीं 16 व्या चॅनेलवरून घातलेली हांकही दुर्बल होईल. तसेंच ध्वनिवर्धकांतील लोहचुंबक होकायंत्राची सुई फिरवितो. त्यांमध्यें निदान एक मीटर अंतर ठेवावें व सुई तपासून पाहावी.

संगीत ऐकूं आलें नाहीं तर सहल नीरस होते, एवढेंच. पण वादळाची सूचना खरखरींत बुडाली, तर घरीं वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. म्हणून हें काम होडी पाण्यांत लोटण्यापूर्वींच करावें.