शाळा सुटली, पुढे काय? गावातला संध्याकाळचा ‘कट्टा’ किशोरवयीन मुलामुलींना कसा सावरतो

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी ओळखलं जाणारं गाव. गावाजवळ साखर कारखानाही आहे. सगळा भाग ऊसतोडीच्या वेळापत्रकावर चालणारा. दसरा-दिवाळी आली की आसपासच्या वस्त्यांवरची कुटुंबं तोडीला निघतात आणि कारखान्याच्या परिसरात बाहेरगावच्या मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. अशा वेळी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं काय करायचं, हा प्रश्न घरात दरवर्षी येतो. सोबत न्यायचं, आजीकडे ठेवायचं, की स्थळ बघायचं?

तिसरा पर्याय का निवडला जातो, हे समजून घ्यायला मुकादमाचा हिशोब पाहावा लागतो. तोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल जोडीला मिळते. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो. शिवाय ‘पोरगी एकटी मागं कशी ठेवायची’ ही आईची भीती खरी असते. पालकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यामुळे एकही लग्न पुढे ढकललं जात नाही.

ड्रॉप-इन सेंटर म्हणजे नेमकं काय?

ही एक खोली असते. ती ठरलेल्या वेळी उघडी असते, तिथे नाव नोंदवण्याची किंवा फी भरण्याची अट नसते आणि ओळखीचं एक मोठं माणूस रोज हजर असतं. मुलांनी यावं, कॅरम खेळावा, गृहपाठ करावा किंवा नुसतं बसावं. आपल्याकडे याला ‘कट्टा’ म्हणता येईल. फरक एवढाच, की गावातला पार पोरांचा असतो. मुलींना घर, शाळा आणि पाण्याची वाट सोडली तर बसायला जागाच नसते.

इथे शिबिराची गल्लत करू नये. पाहुणे येतात, व्यसनमुक्तीवर भाषण होतं, फोटो निघतात. ज्या मुलाच्या घरी काल रात्री मारहाण झाली, तो त्या गर्दीत तोंड उघडत नाही. तो उघडेल तर तिसऱ्या आठवड्यात, कॅरमच्या सोंगट्या लावताना, समोरच्या ताईला. म्हणूनच वेळ न चुकणं हे या कामाचं निम्मं भांडवल आहे. दोनदा कुलूप दिसलं, की पोरं तिसऱ्यांदा येत नाहीत.

याचा उपयोग होतो, हे कशावरून?

मराठवाड्यातलंच उदाहरण पाहू. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९८-९९ च्या सुमारास किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग सुरू केले. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी एक तास आणि वर्षभर. शाळा सुटलेल्या, शेतात राबणाऱ्या मुलींनाही जमेल अशी ही वेळ होती. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, किमान सातवी शिकलेल्या. विषय आरोग्याचे, हक्कांचे, ग्रामपंचायत आणि बँकेत जाऊन काम कसं करायचं याचे.

१९९७ ते २००१ या काळात या गावांतल्या लग्नांपैकी अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आलं. निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयापर्यंत उरकली जात, ते वय १६ वरून १७ झालं. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण या एका वर्षात दहावीची परीक्षा येते आणि पहिलं बाळंतपण पुढे जातं.

उलट बाजूचा पुरावा लंडनचा आहे. तिथे २०१० ते २०१९ दरम्यान सुमारे ३० टक्के युवा केंद्रं पैशाअभावी बंद झाली. २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, ज्यांचं जवळचं केंद्र बंद झालं ती मुलं परीक्षेत मागे पडली आणि १० ते १७ वयोगटात गुन्ह्यात सापडण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली. शहर वेगळं, प्रश्न वेगळे. पण शाळा सुटल्यावरचे रिकामे तास दोन्हीकडे सारखेच अवघड आहेत.

मुलांचं काय?

बालविवाहाची चर्चा मुलींभोवती फिरते आणि मुलगे निसटतात. दहावीत नापास झालेला मुलगा ट्रॅक्टरवर जातो, गुटखा खाऊ लागतो (राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुडी मिळते), मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात अडकतो. अशा मुलाला उपदेशापेक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून देणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. या फॉर्मवर शाळेत न जाताही दहावी-बारावीची परीक्षा देता येते, हे अनेक घरांत माहीतच नसतं.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यावं का?

देऊ नये. कट्टा चालवणारे बहुतेक इथेच चुकतात. मुलांचं बोलणं गावभर होऊ नये, हे बरोबरच. पण अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मूल जीव द्यायची भाषा करत असेल, तरीही गप्प बसता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगावं: ‘तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुमच्या जिवाला धोका असेल तर मी मदत आणणार, आणि आणण्याआधी तुम्हाला सांगणार.’ हे ऐकून मुलं दूर जातात, अशी भीती असते. नंतर विश्वास मोडलेला पाहिला, तर ती नक्कीच जातात.

लग्न ठरल्याचं कळलं तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या मोफत क्रमांकावर कुणीही, अगदी ती मुलगीही, फोन करू शकते. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आहे.

खोली आणि पैसा कुठून?

अंगणवाडीची इमारत संध्याकाळी रिकामीच असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून एका ताईचं मानधन, दिवा, कॅरम आणि पुस्तकं निघू शकतात. धाराशिव हा आकांक्षित जिल्हा असल्याने १४ ते १८ वयाच्या मुलींसाठीची केंद्राची पोषण योजना इथे अंगणवाडीतूनच चालते, म्हणजे मुली त्या दारापर्यंत येतातच. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात तर आशाताईच्या जोडीला दोन मुलगे आणि दोन मुली असे समवयस्क ‘साथी’ नेमण्याची तरतूद आहे. ग्रामसभेत या चौघांची नावं विचारायला हरकत नाही.

अडचण येते ती हंगामात. जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीला बंद पडणारा कट्टा सोनारीसारख्या गावात ऐन गरजेच्या वेळी बंद असतो. आजीजवळ मागे राहिलेल्या मुलींचे एकटेपणाचे महिने नोव्हेंबर ते मार्च हेच. तेव्हाच कारखान्याकडेच्या कोप्यांतही त्याच वयाची मुलं असतात. दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळणारी, गावात कुणाला नावानेही माहीत नसलेली. त्यांच्यासाठी कट्ट्याची वेळ थोडी उशिराची ठेवावी लागेल, कारण फडावरून आई परतल्याशिवाय त्यांना कोपी सोडता येत नाही.