एमआरआयमध्ये एका गटाचा मेंदू लहान दिसला? आधी काटा तपासा!

‘अमुक लोकांचा मेंदू आकसलेला असतो’ अशी बातमी मोबाईलवर आली की लगेच फॉरवर्ड करू नका. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि जुन्या जालन्यात राहतो, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. समजा, जुन्या जालन्यातली मोसंबी एका काट्यावर मोजली आणि कुंडलिका नदीपलीकडे, नव्या जालन्यातली दुसऱ्या काट्यावर. वजनात फरक आला, तर तो मोसंबीचा की काट्याचा? मेंदूच्या मापाचंही तसंच आहे.

आकडा येतो कुठून?

एमआरआयचा फोटो थ्रीडी असतो. त्यातले साधारण १ मिलिमीटरचे ठोकळे म्हणजे व्हॉक्सेल. प्रत्येक ठोकळा करड्या भागाचा, पांढऱ्या भागाचा की पाण्याचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि मोजतं. म्हणजे हा आकडा अंदाजच असतो.

काय काय तपासायचं?

१. मशीन: सगळे रुग्ण एका मशीनवर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर तपासले, तर आजाराचा फरक वेगळा काढताच येत नाही. दोन्ही मशीनवर दोन्ही गट हवेत.

२. व्हर्जन: ‘फ्रीसर्फर’ हे यासाठीचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर. २०१२ च्या एका अभ्यासात तेच स्कॅन त्याच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये टाकले, तर मेंदूच्या भागांच्या मापात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. मेंदू तोच, फक्त अपडेट बदललं! म्हणून अभ्यास अर्धवट असताना अपडेट मारायचं नाही.

३. डोक्याचा आकार: मोठ्या कवटीत मेंदू मोठाच. कवटीचं आकारमान, वय आणि लिंग हिशोबात धरायलाच हवं.

४. हालचाल: स्कॅनच्या वेळी डोकं हललं की करडा भाग कमी मोजला जातो. रुग्ण जास्त हलतात, त्यामुळे आजार नसलेल्या जागीही फरक दिसतो. प्रत्येक फोटो डोळ्यांनी बघाच.

५. नमुना: मेंदू ज्या नमुन्याशी जुळवतात, तो बहुतेकदा कॅनडातला ‘एमएनआय १५२’ असतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत जयंती शिवस्वामी यांच्या टीमने ५० पुरुष आणि ५० स्त्रियांच्या स्कॅनवरून ‘आयबीए १००’ हा भारतीय नमुना बनवला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा लहान निघाला. हा आजार नव्हे. पण परक्या मापाने मोजलं, तर आपल्या धडधाकट आजोबांचा मेंदूही ‘आकसलेला’ वाटू शकतो.

एवढं सगळं तपासूनही फरक उरला, तरच तो खरा असण्याची शक्यता धरायची. तोपर्यंत बातमी फॉरवर्ड करायची घाई नको.