भुंगेऱ्यांच्या देहांतील सूत्रकृमि

अरण्यांतील वृक्षांच्या सालीखालीं राहणारे भुंगेरे झाडांचा नाश करतात, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्या भुंगेऱ्यांच्या देहांतहि बिऱ्हाड थाटणारे जीव आहेत, ही गोष्ट तितकीशी परिचित नाहीं. सुतासारखे बारीक असल्यामुळें त्यांस सूत्रकृमि म्हणतात. यूरोपांतील स्प्रूस वृक्षांच्या सालींतील भुंगेऱ्यांत राहणाऱ्या या कृमींचें वर्णन फुक्स या शास्त्रज्ञानें १९१५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील कांहीं जाती भुंगेऱ्याचा प्राण घेत नाहींत. त्याच्या शरीरद्रवावर त्या पोसल्या जातात व मादीची अंडीं घालण्याची शक्ति क्षीण करतात. भाडेकरू घर पाडीत नाहीं, पण घरधन्याचा वंश खुंटवितो!

धर्माबादच्या शेतकऱ्यास स्प्रूसशीं कर्तव्य नाहीं. त्याचा वैरी भुंगेराच, परंतु जमिनींतला. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस हे तपकिरी भुंगेरे भुईंतून निघून कडुनिंब व बाभूळ यांचा पाला खातात आणि मादी मातींत अंडीं घालते. त्यांतून निघणारी पांढुरकी, वांकडी अळी म्हणजेच हुमणी. उंसाचीं व भुईमुगाचीं मुळें कुरतडून ती उभें पीक वाळविते.

हुमणीवर चालून जाणारे सूत्रकृमि मात्र जहाल आहेत. कोइमतूर येथें सांपडलेल्या व १९९२ सालीं नामकरण झालेल्या ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ या जातीचें पिलूं सुमारें अर्धा मिलिमीटर लांब असतें. तें अळीच्या श्वासरंध्रांतून अगर तोंडावाटे आंत शिरतें आणि आपल्या आंतड्यांत बाळगलेले जीवाणु तिच्या रक्तांत सोडतें. दोनतीन दिवसांत अळी मरते व विटकरी तांबडी पडते. मग कृमि त्या जीवाणूंवर वाढतात, आणि सुमारें दोन आठवड्यांत हजारों पिलीं नव्या भक्ष्याच्या शोधांत बाहेर पडतात.

परंतु या मित्राची एक अट आहे. उन्हांत व कोरड्या मातींत तो फार काळ टिकत नाहीं. मराठवाड्यांतील काळी जमीन उघडीप लांबली कीं भेगाळते. अशा वेळीं तो शेतांत सोडणें म्हणजे पैसा मातींत घालणेंच होय. मुळांची मोठी नासाडी पूर्ण वाढलेली अळी करते. म्हणून त्यापूर्वींच, जमिनींत ओल असतांना, संध्याकाळीं सूत्रकृमि सोडावे. त्याहि आधीं, पहिल्या पावसानंतर कडुनिंबावरील भुंगेरे रात्रीं झाडून नष्ट करावे. कारण अंडींच पडलीं नाहींत, तर पुढील युद्धहि तितकें हलकें होतें.