जरा हळू बोलता का?

बेंगळुरूमध्ये सकाळच्या गर्दीत बसने किंवा मेट्रोने निघावे, तर अर्ध्या तासात किती गोष्टी माणसाच्या कानी पडाव्यात! समोरच्या गृहस्थांच्या मेव्हण्याचे घरमालकाशी चाललेले भांडण कुठवर आले आहे, खिडकीपाशी बसलेल्या तरुणाचे आपल्या वरिष्ठांविषयी खरे मत काय आहे, मागील बाकावरच्या बाईंच्या नणंदेला डॉक्टरांनी कोणते पथ्य सांगितले आहे, हे सारे आपणांस न विचारता कळते. त्यातच कुणाच्या तरी तळहातावरून गाणी, विनोद, भाषणे यांचे तुकडे एकामागून एक ओघळत असतात. त्यांतला एकही पुरा होत नाही आणि ओघ काही थांबत नाही.

ही तक्रार आता केवळ वडीलधाऱ्यांच्या कुरकुरीपुरती राहिलेली नाही. ती न्यायालयापर्यंत पोहोचली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बसगाड्यांत भ्रमणध्वनीवरून मोठ्या आवाजात गाणी व चित्रफिती लावण्यास मनाई केली. बसच्या कर्मचाऱ्यांनी अशा प्रवाशाला प्रथम विनंती करावी. न ऐकल्यास त्याला खाली उतरण्यास सांगावे. आणि तो उतरेपर्यंत गाडी थांबवून ठेवली तरी चालेल, असे त्यात होते. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने बोलण्यावर आणि गाणी लावण्यावर निर्बंध घातले, आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या 'बेस्ट'नेही आपल्या बसगाड्यांत तशीच बंदी केली. शेजारी बसलेल्या माणसाला आपला त्रास होऊ नये, एवढी साधी गोष्ट न्यायालयाने आणि महामंडळांनी लेखी सांगावी, याचे प्रथम हसू येते आणि मग थोडे वाईटही वाटते.

नियमाच्या बाजूने मीही हिरिरीने बोलत असे. एका प्रसंगानंतर ती हिरीर थोडी कमी झाली.

जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवासाची सोय झाली आणि बसमधली बायकांची गर्दी पुष्कळ वाढली. अशाच एका गर्दीच्या सकाळी माझ्या शेजारी एक वृद्ध बाई येऊन बसल्या. हातात छोटा फोन, त्याचा ध्वनिक्षेपक पूर्ण उघडलेला. पलीकडून एक स्त्री बोलत होती. ह्या तिला मोठमोठ्याने उत्तरे देत होत्या. माझ्या मांडीवर दुपारपर्यंत द्यावयाच्या मजकुराची मुद्रिते होती. दहा मिनिटे मी सहन केले आणि मग म्हटले, "फोन बंद माडी!" कानडीत हे क्रियापद आदरार्थी आहे. माझा आवाज मात्र तसा नव्हता.

बाईंनी मुकाट्याने फोन बंद केला. मी मुद्रिते वाचू लागले. पण प्रत्येक थांब्यावर त्या अर्ध्या उठत, बाहेर पाहत आणि पुन्हा बसत. शेवटी कंडक्टरने विचारले, तेव्हा उलगडा झाला. त्या प्रथमच एकट्या निघाल्या होत्या. जावयाला रुग्णालयात ठेवले होते. कुठे उतरावयाचे हे मुलगी फोनवरून एकेक थांबा मोजून सांगत होती. त्यांना कमी ऐकू येत असल्याने ध्वनिक्षेपक उघडल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांचा थांबा तर मागेच गेला होता. कंडक्टरने घंटा वाजवून गाडी जरा पुढे थांबवावयास लावली, स्वतः खाली उतरून त्यांना हात दिला, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आता मुलीशी बोला अज्जी, पण स्वल्प मेल्लगे." म्हणजे जरा हळू. मला तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. उतरताना त्या बाईंनी मात्र मागे वळून मला म्हटले, "होगि बर्तीनम्मा." जाऊन येते हं, बाई.

हे शब्द माझ्या डोक्यातून पुष्कळ दिवस गेले नाहीत. आमच्याकडेही निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कानडी आणि मराठी या दोन्ही घरांतले हे सौजन्य एकाच जातीचे आहे. भाषांतराचे काम करणाऱ्याला एक गोष्ट पदोपदी जाणवते, ती ही की आपल्या भाषेत इंग्रजी 'प्लीज'ला नेमका शब्द नाही. 'कृपया' हा शब्द आहे खरा. पण तो पाट्यांवर आणि परिपत्रकांत राहतो, घरात येत नाही. घरातली विनंती 'जरा'मध्ये असते, 'ना'मध्ये असते, 'बसता का?' यातल्या प्रश्नार्थक वळणात असते. कानडीतही 'दयविट्टु' पाटीवर असते. माणसे मात्र आदर दाखवितात तो 'कूतकोळ्ळी', 'बन्नी' अशा क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात. आणि बेंगळुरूचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'! ते म्हणत तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि पहिले तिघे सरकतात. मुंबईच्या लोकलमधील 'चौथी सीट' ही त्याचीच बहीण. मौज अशी की हेच वाक्य विनंती म्हणूनही येते आणि दांडगाई म्हणूनही. कोणत्या अर्थाने आले, ते केवळ स्वरावरून कळते.

असो. मूळ प्रश्न असा की दोन माणसे समोरासमोर तितक्याच मोठ्याने गप्पा मारीत असली तर आपण फारसे चिडत नाही. फोनवर एकच माणूस बोलत असला तर का चिडतो? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली याचा प्रयोगच केला. लक्ष देऊन करावयाची कामे करीत असताना काहींना दोघांचे पूर्ण संभाषण ऐकविले, काहींना त्यातील एकाचीच बाजू. पूर्ण संभाषणाने काम बिघडले नाही, अर्ध्याने बिघडले. जे ऐकू येत नाही ते उत्तर काय असेल, याचा अंदाज आपले मन आपल्या नकळत करीत राहते आणि हातचे काम सुटते. आपण कान बंद करू पाहतो. पण मन ऐकतच राहते.

आणि बोलणारा एवढा ओरडतो का? त्यालाही कारणे आहेत. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ सालीच दाखवून दिले होते. शिवाय घरातल्या जुन्या दूरध्वनीत बोलणाऱ्याचा आवाज थोडासा त्याच्याच कानात परत येत असे, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो याचा त्याला अंदाज राही. हातातल्या फोनमध्ये तो परतीचा आवाज बहुधा फारच क्षीण असतो. बसचे इंजिन, बाहेरचे कर्णे आणि हा क्षीण प्रतिसाद; मग माणूस ओरडणार नाही तर काय करणार?

पूर्वीच्या काळी सारे सभ्य होते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. ट्रंक कॉल लागला की आमचे आजोबा असे ओरडत की पलीकडच्या गावाला तारेवाचून ऐकू जावे. बागेत ट्रान्झिस्टर घेऊन फिरणारे लोक होतेच. उत्सवांतील ध्वनिक्षेपकांना आवर घालण्यासाठी केंद्र सरकारला २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम करावे लागले, ते काही भ्रमणध्वनीमुळे नव्हे. तरीही एक फरक झाला आहे. दूरध्वनी तेव्हा दुर्मीळ होता. लग्नपत्रिकेवर आणि अर्जावर शेजाऱ्यांचा क्रमांक देऊन पुढे 'पी. पी.' लिहावयाचे, फोन आला की शेजारच्या काकू हाक मारीत, आपण त्यांच्या दिवाणखान्यात उभे राहून, शक्य तितक्या थोडक्यात, चोरट्या आवाजात बोलत असू. दुसऱ्याच्या घरात उभे आहोत, ही जाणीव जिभेवर असे. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला भ्रमणध्वनी संदेश दिला, तेव्हाही बोलणे महागच होते. फोन करणाऱ्याला पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही. २००३ पासून आलेला फोन घेणे विनामूल्य झाले, मग दरही उतरत गेले, आणि थोडक्यात बोलण्याची शिस्त पैशाबरोबर गेली. शिष्टाचार म्हणून आपण जे मिरवीत होतो त्यातला बराचसा भाग काटकसरीचा होता की काय, अशी शंका मला पुष्कळदा येते.

त्या काळाचा एक अवशेष मात्र टिकला आहे. खाली ठेवावयाचा 'रिसीव्हर' कधीच गेला, तरी आजही फोन संपविताना आपण विचारतो, "ठेवू का?"

नाट्यगृहातला प्रश्न याहून बिकट. तेथे त्रास शेजाऱ्यापुरता राहत नाही. रंगमंचावरच्या माणसाचा श्वासच तुटतो. २०१९ साली सुबोध भावे यांनी प्रयोग चालू असताना वाजणाऱ्या फोनांना कंटाळून, हे असेच चालले तर नाटकांत काम करणे थांबविलेले बरे, असे जाहीरपणे लिहिले होते. हे दुखणे केवळ आपलेच आहे असेही नाही. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये माहलरची नववी सिंफनी अगदी शेवटच्या, जवळजवळ निःशब्द भागात आली असता पुढच्या रांगेत एक फोन वाजत राहिला आणि संचालक ॲलन गिल्बर्ट यांना वाद्यवृंद थांबवावा लागला. संदेशलहरी रोखणारी 'जॅमर' यंत्रे बसवा, असे कोणीतरी सुचवितेच. पण केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती बसविता येत नाहीत, आणि सभागृहात एखादा डॉक्टर बसलेला असला तर काय, हाही विचार आहेच.

बेंगळुरूत जे. पी. नगरमध्ये 'रंग शंकरा' हे नाट्यगृह २००४ पासून चालू आहे. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात पुढाकार घेतला तो अरुंधती नाग यांनी. दोघेही मुंबईच्या मराठी रंगभूमीशी जवळून परिचित. नाटक ठरल्या वेळी सुरू होते आणि दार बंद झाले की उशिरा आलेल्याला, तो कोणीही असो, आत घेत नाहीत. प्रथम मला हे जरा कडक वाटले होते. एकदा वाहतुकीत अडकून मी स्वतःच दाराबाहेर राहिले आणि चहा पीत बसले. राग आला नाही, कारण माझ्या शेजारी मोटारीतून उतरलेले एक बडे गृहस्थही तसाच चहा पीत बसले होते.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या भागातील मराठी मंडळींच्या एका छोट्या कार्यक्रमासाठी सूचनाफलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्यांदा लिहिले, 'कृपया भ्रमणध्वनी बंद ठेवावेत.' 'भ्रमणध्वनी' हा शब्द मी कागदावर रोज लिहिते. तोंडाने तो कुणी उच्चारलेला मी अद्याप ऐकलेला नाही. शिवाय 'बंद' म्हणताच ती अज्जी डोळ्यांपुढे आली. तो कागद फाडून दुसरा घेतला आणि लिहिले, 'तुमचा फोन जरा गप्प करता का? फारच निकड असली तर दाराबाहेर बाक ठेवला आहे.'

सव्वा दोन तासांच्या कार्यक्रमात तिघी-चौघे उठून त्या बाकावर जाऊन बोलून आले. सभागृहात फोन वाजले ते दोनच. त्यांतला एक आमच्या चिटणिसांचा होता.