कुपीतले चार कोटी कोटी

संशोधनाच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधून एक कुपी काढू. करंगळीएवढी. तळाशी पाण्यासारखे दोन-चार थेंब. त्यांत अँटिबॉडी किती? १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग. किंमत सहज तीस हजार रुपये. ग्रॅमचा भाव काढा: तीस कोटी! सोनाराने ऐकलं तर तराजू खाली ठेवील.

लुटलं म्हणता? थांबा, आधी रेणू मोजू. अँटिबॉडीचा रेणुभार सुमारे दीड लाख. त्या हिशेबाने कुपीत निघतात चार कोटी कोटी रेणू. चारावर चौदा शून्यं! रुपयाला तेराशे कोटी पडले, आणि जगात माणसं आहेत आठशे कोटींच्या आसपास. सेकंदाला एक मोजत बसलात तर सव्वा कोटी वर्षं लागतील. बरं, भारतातली १४० कोटी माणसं कामाला लावू, तान्ह्या बाळांसकट. न जेवता, न झोपता मोजूनही तीन दिवसांच्या वर जातील.

आता रांग लावू. एक रेणू दहा नॅनोमीटरचा धरा. रांग भरते चार हजार किलोमीटर! मुंबई-पुणे तेरा वेळा जाऊन-येऊनही थोडी उरते. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस साधारण एवढंच अंतर कापते, आणि त्यासाठी तीन दिवस घेते.

ही सगळी फौज कशाच्या मागावर? अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या. हे प्रथिन यकृतात बनतं, रक्तद्रवात फिरतं. पांढऱ्या पेशींतलं इलास्टेज नावाचं विकर फुप्फुस कुरतडू लागलं की त्याला सापळ्यात उंदीर धरावा तसं धरतं. कसं, ते जाणकारांवर सोपवू. आपल्याला आकड्यांशी काम.

रक्तद्रवाचा एकच थेंब घ्या. लिटरला दीड ग्रॅम प्रथिन धरलं तर त्या थेंबात अँटिट्रिप्सिनचे रेणू साडेआठ कोटी कोटी! अँटिबॉडीला पकडायला हात दोनच. कुपीतल्या सगळ्यांचे मिळून आठ कोटी कोटी. म्हणजे तीस हजारांची अख्खी फौज एका थेंबालाही पुरली नाही! म्हणून तर मोजताना थेंब आधी पातळ करायचा, मग आणखी पातळ, मग आणखी. चांगली एलायझा चाचणी मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमही टिपते. तो थेंब ७५ लिटरच्या पिंपात ढवळा, तरी पत्ता लागेल. विहिरीत टाकला तर? पाच मीटर रुंद, दहा मीटर पाणी, म्हणजे जवळपास दोन लाख लिटर. इथे मात्र एलायझा हात टेकते. पण रेणू कुठे जातात? विहिरीच्या प्रत्येक मिलिलिटरात चाळीस लाखांवर हजर!

आणि आपण अजून थेंबातच आहोत. यकृत हे प्रथिन रोज साधारण दोन ग्रॅम बनवतं. दर सेकंदाला पावणेतीन कोटी कोटी नवे रेणू! रात्री झोपेतसुद्धा. कुपीतल्या फौजेएवढी संख्या दीड सेकंदात तयार. आता अंगातला सगळा, म्हणजे सुमारे तीन लिटर रक्तद्रव घ्या आणि त्यातले अँटिट्रिप्सिनचे रेणू एकापुढे एक मांडा, प्रत्येकी सहा नॅनोमीटर. मुंबई-पुणे विसरा. विवेक एक्सप्रेस विसरा. ही रांग भरते ३१ कोटी किलोमीटर. सूर्य १५ कोटींवर. सूर्यापर्यंत जाऊन परत! वजन? साडेचार ग्रॅम.

हेच प्रथिन काहींच्या रक्तात जवळजवळ नसतं. १९६३ साली स्वीडनमधल्या माल्मोला लॉरेल आणि एरिक्सन या संशोधकांना सुमारे दीड हजार नमुन्यांत असे पाच सापडले, आणि त्यांतल्या तिघांची फुप्फुसं खराब झालेली होती. या कमतरतेचं मुख्य कारण पुढे कळलं: ३९४ अमिनो आम्लांच्या साखळीत एकच बदललेलं, ३४२वं. तेवढ्याने प्रथिन यकृतातच अडकून बसतं. घरात कुणाला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार असेल, त्यातही कमी वयात किंवा विडी-सिगारेट न ओढता झाला असेल, तर अँटिट्रिप्सिनची पातळी तपासली आहे का, हे डॉक्टरांना एकदा जरूर विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचीही तशी शिफारस आहे.