एका रस्त्यावर चार देश

मित्रांनो, दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाते. वाटेत ती आपले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके ओलांडते. आपण काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघतो, बेलवाडीला घोडा पळताना बघतो. पण कडेची रानं कोणी नीट बघत नाही. ती बघितली तर एकाच रस्त्यावर चार वेगळे देश आहेत असं वाटतं. असं का, ते मी सांगतो.

पहिला देश उंडवडी गवळ्याची. इथे माळ, बाभळी आणि शेरडं-मेंढरं. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर काहीच नाही. पावसाळी ढग पश्चिमेकडून येतात. सह्याद्री त्यांना अडवतो आणि बराच पाऊस तिकडेच पडून जातो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आपल्याकडे ५०० च्या आसपास. जी शेती फक्त पावसावर होते तिला जिराईत म्हणतात.

बारामती ओलांडली की दुसरा देश लागतो. काटेवाडी, सणसर, सगळीकडे ऊस! पाऊस तर इथेही तेवढाच. मग ऊस कसा? तर नीरा डाव्या कालव्यामुळे. १८७६ ते १८७८ मध्ये फार मोठा दुष्काळ पडला होता. त्यानंतर इंग्रजांच्या काळात हा कालवा झाला. सन १८८५ च्या सुमारास त्यात पाणी आलं. पुढे १९२८ साली भाटघरचं मोठं धरण पुरं झालं. म्हणजे भोरच्या डोंगरात पडलेला पाऊस पाटाने आपल्या उसाला मिळतो. ही झाली बागायत.

आता तुम्ही विचाराल, मग उंडवडीला पाट का नाही नेला? शाळेच्या अंगणात उतारावर काडीने एक रेघ ओढा आणि त्यात तांब्याभर पाणी ओता. पाणी खालीच जाईल, वर चढणार नाही. कालव्याचंही तसंच. पाटाच्या खालचं रान भिजतं, वरचं कोरडं राहतं. वर पाणी न्यायचं तर पंपाने चढवावं लागतं. जिराईत गावांसाठी जानाई-शिरसाई योजना आहे, ती अशीच उपसा योजना आहे. पंप चालवायला वीज लागते आणि विजेला पैसे लागतात.

तिसरा देश निमगाव केतकीजवळ. गावाभोवती विड्याच्या पानांचे मळे. पण थोडं आत कडबनवाडीकडे गेलं की पुन्हा माळ. त्या गवतात चिंकारा हरणं राहतात. चिंकारा कमी पाण्यावर जगतो. माळाला लोक पडीक म्हणतात, पण हरणांचं ते घर आहे. सगळा माळ नांगरला तर हरणं कुठे जातील?

इंदापूरला आपला रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. पालखी पुढे सराटीला जाते आणि नीरा नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. आपण मात्र महामार्गाने पुण्याकडे वळायचं. तिथे पळसदेव आहे. हा चौथा देश, सगळा पाण्याचा. भीमा नदीवर १९८० साली उजनी धरण झालं आणि नदीकाठची पुष्कळ गावं पाण्यात गेली. जुनं पळसदेवही गेलं. लोकांनी महामार्गाजवळ नवं गाव वसवलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर दिसतं. मग माणसं आपलं जुनं गाव बघायला जातात. जवळच भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते बघायला लांबून लोक येतात. पण त्या पाण्याखाली कोणाचं तरी अंगण होतं, हे सुद्धा त्यांना सांगायला पाहिजे.

तर मित्रांनो, चार देश झाले ते पाण्यामुळे. कुठे ते मिळालं नाही, कुठे पाटाने आलं, कुठे माळ राहिला आणि कुठे गावच बुडालं. आपला कालवा इंदापूर तालुक्यात संपतो. वरच्यांनी जास्त पाणी घेतलं की शेपटाच्या गावांची पिकं वाळतात. पालकांना माझी विनंती आहे, रात्री दारं धरायला गेलात तर आपलं रान भिजल्यावर दार बंद करा. खाली अजून गावं आहेत.

– इयत्ता ४ थी