जुन्या मालमोटारीचा सांगाडा : दोष व दुरुस्ती

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ऊस वाहणाऱ्या मालमोटारींची वर्दळ सुरू होते. यांपैकी पुष्कळ मोटारी जुन्या असतात. इंजिन बिघडले की गाडी जागीच थांबते, म्हणून मालकाचे लक्ष इंजिनाकडे असते. सांगाड्याचे, म्हणजे चेसिसचे, तसे नसते. तो दोष घेऊन बरेच दिवस चालत राहतो आणि भरल्या गाडीखाली, उतारावर किंवा वळणावर, एकाएकी दगा देतो. म्हणून हंगामापूर्वीच त्याची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

तुळयांना पडणारी चीर

सांगाडा शिडीसारखा असतो. पन्हळीच्या आकाराच्या दोन लांब पोलादी तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. गाडी फडात शिरली की एक चाक सरीत व दुसरे वरंब्यावर येते आणि सांगाडा पिळला जातो. अशा पिळण्याने रिव्हेट ढिले होतात. रिव्हेटभोवती तांबूस गंजाची रेघ दिसली, तर तो ढिला झाला असे समजावे. ढिल्या रिव्हेटच्या डोक्यावर वेल्डिंग करू नये. तो काढून, भोक साफ करून, घट्ट बसणारा कणखर पोलादाचा बोल्ट घालावा.

भाराचा सर्वांत अधिक ताण तुळईच्या वरच्या व खालच्या कडपट्टीवर येतो. मधल्या उभ्या भागावर तो कमी असतो. यामुळेच हौद्यासाठी वा टाकीसाठी कडपट्टीला भोक पाडणे घातक ठरते. चीर बहुधा अशा भोकापासून, जुन्या वेल्डिंगच्या टोकापासून किंवा पाट्यांच्या आधाराजवळ सुरू होते. ती शोधण्यासाठी जागा घासून स्वच्छ करावी, रॉकेल लावून पुसून काढावी व वर खडू फासावा. चिरेत राहिलेले रॉकेल खडूवर रेघ उमटविते.

चिरेच्या टोकाशी सुमारे ५ मिलिमीटरचे भोक पाडावे. टोकाशी एकवटलेला ताण त्यामुळे विभागला जातो व चीर पुढे सरकत नाही. नंतर चीर खाचेसारखी घासून ती पूर्ण खोलीपर्यंत भरावी व आतून जोडपट्टी बसवावी. पट्टीची टोके तिरकी कापावी. सरळ कापल्यास ताण एकाच रेषेवर येऊन तेथे नवी चीर पडते. काही तुळया उष्णसंस्कारित पोलादाच्या असतात व त्यांना वेल्डिंग चालत नाही. याकरिता निर्मात्याची पुस्तिका आधी पाहावी.

पाटे व यू-बोल्ट

यू-बोल्ट ढिले झाले की पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, आस मागे किंवा पुढे सरकतो, आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. टायर एका बाजूने झिजू लागल्यास दोन्ही बाजूंचे आसांमधील अंतर मोजून पाहावे. यू-बोल्टच्या चाक्या आळीपाळीने, समोरासमोरच्या घेऊन आवळाव्या आणि काही अंतर चालल्यावर पुन्हा आवळाव्या. तुटलेला पाटा वेल्ड करू नये. उष्णतेने त्याचा कस जातो. शॅकलच्या पिनांना ग्रीस देताना सांगाडा उचलून पाट्यांवरील भार काढावा, म्हणजे ग्रीस पिनेच्या सर्व बाजूंना पोहोचते.

पुढची चाके

पुढचे चाक उचलून वर व खाली धरून हलवावे. हालचाल जाणवली, तर सोबत्यास ब्रेक दाबून ठेवण्यास सांगावे. हालचाल थांबल्यास दोष बेअरिंगमध्ये आहे. तरीही राहिल्यास किंगपिन किंवा तिचे बूश झिजले आहे. या साध्या परीक्षेने अनावश्यक खर्च टळतो.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या लायनरवर तेल किंवा ग्रीस आले असण्याचा संभव असतो. आधी गळणारे सील बदलावे. तेल प्यालेले लायनर धुऊन सुधारत नाही. आसाच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

प्रॉपेलर शाफ्ट

गिअर टाकून गाडी सुटताना खालून ठोका ऐकू आला, तर जॉइंटचा क्रॉस तपासावा. शाफ्ट उतरविण्यापूर्वी दोन्ही भागांवर खुणा कराव्या. शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एकाच पातळीत न बसल्यास गाडी थरथरते व नवा क्रॉसही लवकर झिजतो.

काम करताना

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाकांना लाकडी ठोकळे लावावे व आसाखाली भक्कम घोडी द्यावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्या व डिझेलची टाकी दूर करावी. अनेक जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तेथे चाकी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यास सुटते. हे न जाणता जोर लावल्यास स्टड तुटतो.

उत्तम दुरुस्तीनेही जुना सांगाडा ठरविलेल्या वजनापेक्षा अधिक भार पेलण्यास समर्थ होत नाही. दोन खेपांचा ऊस एका खेपेत नेण्याने वाचलेले डिझेल एका तुटलेल्या तुळईत खर्ची पडते. शिवाय अशा गाडीबरोबर तिचा चालक, ऊसतोड मजूर व रस्त्यावरील इतर माणसे यांचे प्राण बांधलेले असतात, हे मालकांनी नित्य ध्यानी ठेवावे.